कुलूप म्हणजे मरण नव्हे

आमच्या ऑफिसातल्या अकाउंटंटच्या मुलीचं लग्न होतं, सावेडीतल्या एका मंगल कार्यालयात. अक्षता पडल्या, फोटोसाठी रांग लागली. सरांचा नंबर आला तेव्हा त्यांनी नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं आशीर्वाद दिला, "छेद वाढत राहो तुमचा."

नवरदेवानं नवरीकडं पाहिलं, नवरीनं बापाकडं. बाप माझ्याकडं बघायला लागला, कारण सरांना घेऊन मी आलो होतो. मी हळूच म्हणालो, "म्हणजे संसार लांबचा होवो, असं म्हणायचंय त्यांना."

खरंच तसंच म्हणायचं होतं. अपूर्णांकात वर अंश, खाली छेद. किती वेळा बिघडलं ते वर लिहायचं, किती काळ नीट चाललं ते खाली. लोक फक्त वरचा आकडा वाचतात आणि घाबरतात, हे सरांचं जुनं दुखणं. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "छेद काय?"

ऑफिसखाली चहाची टपरी होती. टपरीवाला एकदा म्हणाला, "सर, या वळनावर लई गाड्या धडकत्यात."

"लई म्हणजे? किती गाड्यांमागं?"

"मी चहा इकतो सर. गाड्या मोजत न्हाई."

"मग लई म्हणू नका."

टपरीवाल्यानं कप आदळला. "सर, तुमी लई पिडता."

सर खूश झाले. "हे मात्र पटलं. मी रोज येतो, त्यामुळं तुम्हाला छेद माहीत आहे."

हे मी गमतीनं सांगतो आहे, आणि आजवर गमतीनंच सांगत आलो. सरांच्या गोष्टी सांगून मी किती मैफली जिंकल्या असतील! त्या गोष्टींतली एक मात्र कधी सांगितली नाही. ती आज सांगणार आहे, पण मला तिथवर माझ्या चालीनं जाऊ द्या.

सर मूळचे जामखेडकडचे. नगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि आमच्या संस्थेत आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून यायचे. डोक्याला बारा महिने कानटोपी. मे महिन्यात नगरमध्ये कानटोपी घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कात्री. डबा उघडला की तिनंच भाकरीच्या पट्ट्या कापायचे आणि पिठल्यात बुडवून खायचे. शिपाई म्हणायचा, "सर, द्येवानं बोटं दिलीत की." सर म्हणायचे, "बोटानं तुकडे सारखे होत नाहीत."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हळहळायला कुणी आलं, की सर त्याला बसवून तिच्या करामती ऐकवायचे: तिनं त्यांना पोहायला कसं शिकवलं, शेजारणीशी भांडून नळ कसा मिळवला. आलेला माणूस हसत परत जायचा. मला एकदा म्हणाले, "सगळे एकच विचारतात, कशानं गेली. अरे, ते अंशात. छेदात ती केवढी आहे, ते कुणी विचारत नाही."

मी तेव्हा तिशी नुकती ओलांडलेला, संस्थेत कंत्राटावर होतो. पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवर, संस्थेनं बायकांना शेळ्या वाटल्या होत्या. शेळ्या किती टिकतात, कुणाकडं टिकतात, हे शोधून अहवाल द्यायचं काम माझ्याकडं आलं. पुढच्या वाटपात कोणाला शेळी द्यायची आणि कोणाला नाही, ते त्यावर ठरणार होतं. माझी नोकरी कायम होणंही त्यावरच अवलंबून होतं. तसं कुणी बोललं नव्हतं, पण ऑफिसात अशा गोष्टी न बोलताच कळतात.

त्या भागातली निम्मी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. घराला कुलूप, म्हातारीकोतारी मागं, आणि नवरा-बायको कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं, कारखान्याच्या उसात. शेळी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी जो फॉर्म बनवला, त्यात शेळीपुढं दोनच चौकटी होत्या: 'आहे' आणि 'नाही'. आमचा माणूस हिवाळ्यात वस्तीवर गेला, दाराला कुलूप पाहिलं आणि 'नाही'वर खूण करून पुढच्या घरी गेला. माझ्या संगणकात 'नाही' म्हणजे मेली.

आलेख मात्र देखणा आला. टिकून राहण्याच्या अभ्यासात जो पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आलेख काढतात, तो. गावात राहणाऱ्या घरांची रेघ हळूहळू उतरत होती. तोडीला जाणाऱ्यांची हिवाळ्यात एकदम आडात पडल्यासारखी खाली. मी तो रंगीत छापून साहेबांना दाखवला. साहेब म्हणजे आमचे संचालक. ते म्हणाले, "हे बेस्ट. एका नजरेत कळतं."

सरांनी तो हातात धरला आणि हिवाळ्यातल्या त्या उतारावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्या आठवड्यात एवढी साथ कसली आली होती रे?"

"साथ नाही सर. कुलपं होती."

"कुलूप म्हणजे मरण नव्हे," सर म्हणाले. खिशातून कात्री काढली आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं.

त्यानंतरचे काही आठवडे मला आजही कालच्यासारखे वाटतात. सरांनी ऑफिसभरची जुनी कॅलेंडरं गोळा केली आणि प्रत्येक शेळीसाठी एक लांब पट्टी कापली. शेळी आली तिथून पट्टी सुरू. घर तोडीला निघालं की तिथं कात्री, परतलं की पुन्हा कात्री. मेली तर टोकाला तांबडा ठिपका. टेबल भरलं, मग जमीन भरली. झाडूवाल्या मावशी दारातूनच ओरडायच्या, "ह्यो पसारा उचला, न्हाईतर मी झाडून घेते समद्या शेळ्या!"

मी कॉक्सची पद्धत वापरली होती, कोण किती काळ टिकतं त्याचा हिशेब मांडणारी. या कामाला सगळे तीच वापरतात. सर म्हणत होते पॉयसन वापर. मी वाद घातला, "सर, पॉयसन मोजणीसाठी असतं. वर्षाला किती अपघात, तासाला किती फोन. आपल्याला शेळी किती जगली ते काढायचंय."

"या एका तुकड्यात शेळी मेली का?" त्यांनी एक पट्टी पुढं धरली.

"नाही."

"म्हणजे शून्य. आणि या?"

"मेली."

"म्हणजे एक. झाली की मोजणी. आता सगळे एका जातीचे तुकडे एकत्र कर. घरचे घरच्यात, तोडीचे तोडीत. मरणं वर. सगळ्या शेळ्या मिळून तेवढ्यात किती महिने जगल्या ते खाली. शेळी-महिने म्हण त्याला. दहा शेळ्या एक महिना जगल्या काय आणि एक शेळी दहा महिने जगली काय, छेदात सारखंच."

समीकरणात त्या महिन्यांचा लॉगॅरिदम घालायचा, पण त्याच्यापुढचा गुणक संगणकाला शोधू द्यायचा नाही. तो 'एक', आधीच ठरलेला. मी विचारलं, का? सर म्हणाले, "दुप्पट काळ बघत बसलास तर दुप्पट मरणं दिसणार. यात संगणकाला काय विचारायचं? काळाशी घासाघीस नाही."

"आणि कॉक्स चूक?"

"चूक कशाला? दोघी सख्ख्या बहिणी आहेत. तुकडे बारीक केलेस तर उत्तर जवळपास तेच येतं. पण ती बहीण काळ आपल्या पदराखाली ठेवते. ही तुला तो हातानं मोजायला लावते. हातानं मोजताना कुलूप दिसतं."

मग ते उठून उभे राहिले. "चल श्रीगोंद्याला. कुलपाआडचा काळ आपल्याला माहीत नाही, तो ना वर धरता येत, ना खाली. बघून येऊ."

माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, कानटोपी खाली ओढून, सर पत्ते विचारत निघाले. कोणत्या मुकादमाची टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे, हे त्यांनी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांकडून काढून घेतलं होतं. दुपारी एका तोडलेल्या फडाच्या कडेला कोप्या दिसल्या. उसाच्या पाचटाची छपरं, आणि बैलगाडीच्या चाकाला बांधलेली एक तांबडी शेळी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ओरबाडत होती. सर गाडीवरून उतरले, तिच्या कानातला आमच्या संस्थेचा बिल्ला वाचला आणि मला हाक मारली.

"इकडं ये. तुझी मेलेली शेळी जेवतीये."

कोपीतून एक बाई डोक्यावरची चुंबळ काढत बाहेर आली. ठकूबाई. तिसगावजवळच्या वस्तीवरची, आमच्या पहिल्या वाटपातली. "कोन मेली? माजी शेळी?" तिनं शेळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "साहेब, डोळं हायेत का बटनं?"

"कागदावर मेली होती, ठकूबाई," सर म्हणाले. "आत्ता उठली."

"मंग दोन डाव जादा खाईल ती आता. मेल्यावर भूक लागतीच."

सर पोट धरून हसले. मीही. ते हसणं मात्र चांगलं होतं.

ठकूबाईनं चहा टाकला आणि तोडीच्या शेळ्यांची सगळी हकीकत सांगितली. मरतात, नाही असं नाही. पण कधी? "आलं की पहिल्या धा-पंधरा दिसांत. आमच्याकडं वाळकं चगळायची सवय, हितं आल्यावर हिरवंगार वाढं फुकाट. जनावर गपागपा खातंय. पोट टम्म फुगतंय, आन् सकाळी टांगा वर. त्यातनं वाचली तर मंग काय न्हाई. उलट घरच्यापरीस चांगली ऱ्हाती."

सर चहाची बशी हातात घेऊन थांबले. परत येताना गाडीवर मागून माझ्या कानात ओरडले, "तोडीच्या पट्टीला अजून एक काप!"

तो काप दिला. तोडीचा काळ दोन भागांत केला: पोचल्यानंतरचा पहिला पंधरवडा आणि पुढचे महिने. वाड्यावस्त्यांवरून आणि फडांवरून पुन्हा माहिती आणली, पॉयसन चालवलं. उत्तर एका छोट्या तक्त्यात मावलं. घरी असताना तोडवाल्यांच्या शेळ्या इतरांइतक्याच टिकत होत्या. फडावर स्थिरावल्या की जरा बऱ्याच. जो काही धोका होता, तो त्या पहिल्या पंधरवड्यात ठासून भरला होता. म्हणजे तोडवाल्यांना शेळ्या देणं बंद करायचं कारणच नव्हतं. निघण्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे त्या पोटफुगीच्या रोगाची, लस द्यायची आणि पोचल्यावर पंधरा दिवस वाढं हात राखून घालायचं, एवढंच.

सरांनी तो तक्ता माझ्यापुढं सरकवला. "आकडे तुझे आहेत, तूच मांड. मी बोललो तर म्हातारा बोलला म्हणतील."

बैठकीला पैसे देणाऱ्या संस्थेचे अधिकारी पुण्याहून आले होते. आमचे साहेब, चार-पाच कार्यकर्ते, कोपऱ्यातल्या खुर्चीवर कानटोपीसह सर. साहेबांनी माझा जुना आलेख आधीच पडद्यावर लावून ठेवला होता. "आमच्या तरुण सहकाऱ्यानं फार सुंदर काम केलंय," असं म्हणून त्यांनी माझी ओळख करून दिली.

अधिकाऱ्यांनी ती आडात पडणारी रेघ बघितली आणि विचारलं, "म्हणजे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना पुढच्या वाटपात धरू नये. बरोबर?"

तक्ता माझ्या फायलीत होता. फक्त "नाही" म्हणायचं होतं. पण त्या "नाही"मागोमाग दुसरं वाक्य आलं असतं: हा आलेख चुकीचा आहे, कारण मी कुलपं मेली म्हणून धरली. साहेबांनी नुकतंच केलेलं कौतुक अजून खोलीत होतं. मी म्हणालो, "आलेखावरून तसं दिसतं खरं."

दिसतं खरं. हे दोन शब्द मी इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरतोय.

कोपऱ्यातली खुर्ची वाजली. सर उभे राहिले. हातात एक पट्टी होती. त्यांनी तक्त्याचं नाव काढलं नाही, माझंही काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, "साहेब, कुलूप म्हणजे मरण नव्हे."

मग अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, आमचे साहेब हसत म्हणाले, "आमचे सर जरा तत्त्वज्ञ आहेत," आणि सगळी खोली हसली.

मीही हसलो.

नुसता गप्प राहिलो असतो, तर भ्यालो म्हणून स्वतःची समजूत घालता आली असती. पण त्या खोलीत त्या वाक्याचा अर्थ सरांशिवाय फक्त मला माहीत होता, आणि मी हसलो. सरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पट्टीत न बसणारा एखादा दिवस सापडावा तसं पाहिलं. मग पट्टीची घडी करून खिशात ठेवली, खाली बसले, आणि बैठक संपेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या वाटपात तोडीला जाणारी घरं वगळली गेली. यादीत ठकूबाईच्या सुनेचं नाव होतं, तेही गेलं. माझी नोकरी कायम झाली. सर पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत. कुणी म्हणालं, नगरची जागा सोडून तिसगावला खोली घेतली. मी फोन केला नाही. आधी लाजेनं, मग सवयीनं.

नंतर मी दोन नोकऱ्या बदलल्या. आता तरुण पोरापोरींना हेच शिकवतो: काळाचे तुकडे, अंश, छेद, पॉयसन. पोरं विचारतात, कॉक्स असताना हे कशाला? मी बहिणींची गोष्ट सांगतो, कानटोपीची सांगतो, वर्ग हसतो. गेल्या दिवाळीनंतर असाच तास चालू होता. एका मुलीनं विचारलं, "ते सर आता कुठं असतात?" त्या रविवारी मी तिसगावला गेलो.

बसस्टँडवर कानटोपी म्हटल्यावर घर लगेच सापडलं. एक खोली, निळं दार, दाराला कुलूप. पायरीवर धूळ होती. मी तिथं उभा राहिलो आणि माझ्या मनानं जे करायचं तेच केलं: 'नाही'वर खूण.

"कोन पाहिजे?" शेजारच्या ओट्यावरून एक म्हातारी विचारत होती. कपाळाला हात लावून तिनं मला निरखलं. "तुमी ते फारमवालं न्हवं का? बटनाच्या डोळ्याचं?"

ठकूबाई. आता तोड झेपत नव्हती. मुलगा-सून फडावर, आणि ती शाळेतल्या नातवंडांसाठी गावात खोली करून राहिली होती.

मी कुलपाकडं बोट केलं.

"आसं तोंड काय पाडताय? मेलं व्हय सर? कुलूप हाय नुसतं." ती तंबाखू मळत म्हणाली. "टोळ्या उतरल्या की ते तिकडंच असत्यात पहिलं पंधरा दिस. आमी निघायच्या आदी डाक्टरला घिऊन वस्तीवर येत्यात, शेळ्यांना सुई देत्यात, आन् मंग हितनं कोपीवर. वाढ्यापाशी राखन बसत्यात. सून म्हन्ती, आमच्यापरीस शेळ्यांवरच डोळा लई."

"दर वर्षी?"

"दर साली. शेळ्या आमी आमच्याच घेतल्या नंतर. तुमी दिल्या न्हाईत म्हनून काय ऱ्हायलं?"

मी म्हणालो, "ठकूबाई, ते नाव माझ्यामुळं गेलं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं हुतं. म्हन्ले, पोरगं वाईट न्हाई, भ्यालं." तिनं तंबाखूवर थाप मारली. "मी म्हन्लं, भ्यालेलं लई बगितलेत आमी. श्रीगोंद्याची यष्टी निगंल आता, उबं का ऱ्हायलाय?"

एसटीनं श्रीगोंद्याला आणि तिथून विचारत विचारत फडावर पोचेस्तोवर उन्हं कलली होती. फडाच्या कडेला कोप्या, धूर, आणि वाढ्याच्या ढिगासमोर एका उलट्या पाटीवर कानटोपी. सर वाळून काडी झाले होते. हातात दोन दावी होती आणि दोन्ही शेळ्या ढिगाकडं ओढत होत्या.

मी पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर करून बघितलं.

"उशीर केलास," ते म्हणाले.

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी हसलो होतो."

"हसलास खरा. वाईट वाटलं होतं मला." त्यांनी एका शेळीला मागं खेचलं. "किती दिवस वाटलं, तेही सांगितलं असतं, पण ते जाऊ दे." मग डोळे बारीक करून, अगदी टपरीवाल्याला विचारायचे तसं, त्यांनी मला विचारलं, "एकदा हसलास. छेद काय?"

मी बोटांवर वर्षं मोजायला लागलो. पॉयसन शिकवणारा माणूस मी, साध्या भागाकारात अडकलो.

"जमेल सावकाश," सर म्हणाले आणि एक दावं माझ्या हातात दिलं. "ही कालच आलीये. धर घट्ट, वाढं दिसलं की ओढते."

शेळीनं हिसका दिला. मी दोन्ही हातांनी दावं धरलं आणि त्यांच्या शेजारी मातीत बसलो.